नेवाशाचा दोरा आणि गटाची वही

बायकांच्या कामाचा इतिहास कुठे आहे, असं कुणी विचारलं की आपण जात्याकडं आणि ओव्यांकडं बोट दाखवतो. पण तो विद्यापीठांच्या ग्रंथालयांतही आहे, आणि आता त्यातला पुष्कळसा मोबाईलवर वाचता येतो.

आपल्याच जिल्ह्यातलं पाहा. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांनी सहकाऱ्यांसह प्रवरेकाठी नेवाशाला उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्यामुळं आतला दोरा पुरता कुजला नव्हता. तपासणीत त्यात कापूस आणि रेशीम निघालं. तो कातणाऱ्या हातांचं नाव आपल्याला कळणार नाही. पण अभ्यास लिहून जपला, म्हणून दोरा तरी कळला.

राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालचं. पिकं, पाणी, जनावरं यांवरचे प्रबंध पूर्वी कपाटात राहायचे. आता भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या ‘कृषिकोश’ या संग्रहात कृषी विद्यापीठांचे प्रबंध ठेवले जातात. बाकी विद्यापीठांसाठी ‘शोधगंगा’ आहे. पीएच.डी.चा प्रबंध संगणकीय रूपातही द्यावा, असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ साली केला. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र हा साठा सांभाळतं. त्यात संतसाहित्य आहे, दुष्काळ आहे, ऊसतोड आहे आणि बचत गटही आहेत. काही प्रबंध मराठीत आहेत. वाचायला पैसे लागत नाहीत.

हे आपल्याशी का जोडलेलं आहे? वय किती, जमीन किती, कर्ज कशासाठी घेतलं, हे प्रश्न आपल्यालाच विचारले जातात. फॉर्म भरून माणसं निघून जातात, आणि आपण टक्केवारीत विरघळतो. आपल्याविषयी काय लिहिलं, ते आता आपण वाचू शकतो. पटलं नाही, तर पुढच्या वेळी आलेल्या मुलीला तसं सांगू शकतो.

म्हणून पुढच्या बैठकीत शिकलेल्या लेकीसुनांना मोबाईल घेऊन बसवू. ‘बचत गट’ किंवा आपल्या तालुक्याचं नाव मराठीत आणि इंग्रजीत टाकून शोधू. आणि गटाच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका. कोणत्या दुष्काळात कुणी कशासाठी कर्ज घेतलं आणि कसं फेडलं, ते त्यांत आपल्या नावानिशी आहे. नेवाशाच्या दोऱ्याला नाव नव्हतं. आपल्या वहीत ते आहे.