मोझरीचा बिनतिकिटाचा मेळा

दसरा उलटला, कोजागिरी झाली, की वऱ्हाडातल्या वाटा एका दिशेने चालू लागतात. अकोट-तेल्हाऱ्याकडून, बाळापूर-पातूरकडून, मूर्तिजापुराहून, इकडे अचलपूर-चांदूरकडून भजनी मंडळ्या निघतात. कोणी पालखीबरोबर पायी, कोणी एस.टी.ने, कोणी भाड्याच्या गाडीत दाटीवाटीने. सगळ्यांचे ठिकाण एकच : अमरावती-नागपूर रस्त्यावरचे, तिवसा तालुक्यातले गुरुकुंज मोझरी. आश्विन वद्य पंचमी ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. तिच्या निमित्ताने तेथे काही दिवस जो मेळा भरतो, त्याला तिकीट नाही, वर्गणीची सक्ती नाही, पुढच्या खुर्च्यांचे वेगळे दर नाहीत. यावे, बसावे, ऐकावे, आणि जवळ खंजिरी असेल तर वाजवावीही.

आपण म्हणाल, यात नवल ते काय? आमच्याकडच्या सगळ्याच जत्रा फुकट असतात! खरे आहे. पण फुकट म्हणजे बिनखर्चाचे नव्हे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? जत्रेचा खर्च कोणीतरी भरतोच. तो कोणी भरला आणि कशासाठी भरला, हा इतिहासाचा प्रश्न आहे. या लेखात आपण तोच पाहू.

आधी त्या वाद्याकडे पाहा. खंजिरी म्हणजे एक लाकडी कडे. त्याच्या एका तोंडावर कातडे ताणलेले आणि कड्याला पाडलेल्या खाचांत पितळी चकत्या बसवलेल्या. मृदंगाला दोन हात लागतात, बैठक लागते, शाई भरणारा जाणता माणूस लागतो. पेटी घ्यायची तर चार पैसे गाठीला हवेत. खंजिरीला यांतले काहीच लागत नाही. ती एका हातात धरायची, दुसऱ्याने वाजवायची. वावरातून आलेला गडी ओसरीवर बसून ती वाजवू शकतो, आणि वाजवता वाजवता गाऊही शकतो. गायक आणि वादक एकच झाला, की मंडळ जमण्याची वाट पाहावी लागत नाही. तेवढ्या एका गोष्टीने किती फरक पडतो, हे पुढे दिसेलच.

जगात असे दुसरे उदाहरण आहे. १८७९ साली पोर्तुगालच्या मादेरा बेटावरून मजुरांना घेऊन एक जहाज हवाई बेटांतल्या होनोलुलूला लागले. ही माणसे उसाच्या मळ्यांत राबायला आली होती. त्यांच्याबरोबर चार तारांचे एक लहानसे वाद्य आले. त्यावरून तिथे जे वाद्य घडले, त्याला उकुलेले म्हणतात. पुढे तिथल्या राजाने त्याला दरबारात जागा दिली, पण त्याचे मूळ मजुराच्या गाठोड्यातच. लहान, स्वस्त आणि लवकर हाती बसणारे असल्यामुळे ते जगभर पसरले. आज युरोपातल्या समुद्रकाठच्या गावांतही त्याचे मेळे भरतात. मोठ्या वाद्याचा बहुधा श्रोता तयार होतो, लहान वाद्याचा वाजवणारा तयार होतो. खंजिरीने आपल्याकडे तेच केले.

आता त्या माणसाकडे वळू. महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी झाला. घर गरिबाचे, मूळ नाव माणिक. शाळा फारशी झाली नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांचा सहवास लहानपणी लाभला आणि 'तुकड्या' हे नाव तिथेच मिळाले. पुढे त्यांनी भजने रचली ती मराठीत आणि हिंदीतही. ही दोन भाषांची गोष्ट लक्षात ठेवा. त्या काळचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. नागपूर, चांदा, रायपूर अशा मुलुखात फिरणाऱ्याला दोन्ही भाषा जवळच्या. एका खंजिरीवर दोन भाषा चालल्या, म्हणून त्यांचा आवाज मराठी मुलुखाच्या सीमेवर अडला नाही.

१९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले, आणि ते काही काळ तेथे राहिले. त्यानंतरच्या भजनांत देवाबरोबर गावही आले : झाडू आला, खादी आली, अस्पृश्यतेचा प्रश्न आला, दारूचा आला.

मग १९४२ उजाडले. ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक आली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला लोक उठले. गोळीबार झाले, माणसे पडली, पोलीस आणि अंमलदारही मारले गेले. आज आष्टी, यावली, बेनोडा या गावांच्या नावांना 'शहीद' हा शब्द जोडलेला आपण पाहतो, तो त्याच दिवसांचा. सरकारची नजर खंजिरीकडे वळली. ऑगस्ट संपण्यापूर्वीच महाराजांना अटक झाली. नागपूरच्या आणि रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवले, आणि डिसेंबरात सोडले.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबावे. एका भजनाने चिमूर पेटले, असे आपण सहज बोलून जातो. ऐकायला ते गोड वाटते. पण उठाव एका कारणाने होत नसतो. त्या भागात काँग्रेसचे काम होते, तरुणांची मंडळे होती, महागाई होती, पुढारी पकडले गेल्याचा राग होता. भजनाने काय केले? मला वाटते, भजनाने माणसे एकत्र बसवली. निरनिराळ्या जातींची माणसे रोज एका सतरंजीवर बसत होती, एका तालावर टाळी देत होती. ज्यांना रोज एकत्र बसण्याची सवय असते, त्यांना एके दिवशी एकत्र उभे राहणे जमते. सरकारला भय वाटले ते या सवयीचे असावे. कागदावरचे पत्रक जप्त करता येते. शंभर गावांना पाठ असलेले भजन कसे जप्त करणार?

आता फुकटपणाचा मुद्दा. तो समजायला वऱ्हाडचे अर्थकारण पाहावे लागेल. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिथला कापूस विलायतेला मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या पऱ्हाटीला एकदम भाव आला. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. पैसा आला, पण तो बाजारभावाबरोबर चढला आणि उतरलाही. १८९९-१९०० च्या दुष्काळाने तर घरेच्या घरे बसवली. कापूस विकला की हाती रोकड, आणि पुढे वर्षभर सावकाराची वही, हे चक्र आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले. अशा मुलुखात जत्रेचा खर्च ही थट्टा नव्हती. नवस, बकरा, पंगत, आणि त्यासाठी काढलेले कर्ज. देवाच्या दारी गेलेला माणूस कर्ज घेऊन परतत असे.

या चालीवर पहिला मोठा घाव घातला तो गाडगेबाबांनी. पूर्णाकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत ते आधी खराटा घेऊन वाट झाडत, आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालत, आणि मग कीर्तनाला उभे राहत. कर्ज काढून सण करू नका, हे त्यांचे सांगणे होते. तुकडोजी महाराजांनी तोच धागा पुढे नेला. १९५५ च्या त्यांच्या 'ग्रामगीते'चे एकेचाळीस अध्याय आहेत. त्यांत सण-उत्सवांवर अध्याय आहे, यात्रा-मेळ्यांवर आहे, भजनाच्या प्रभावावरही आहे. ग्रामसुधारणेच्या पुस्तकात आरोग्य आणि गोवंश यांच्या शेजारी मेळ्यालाही जागा मिळाली, हे महत्त्वाचे आहे. मेळा ही चैन नसून गावाच्या शिक्षणाचे साधन आहे, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी महाराज जपानला विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेसाठी गेले, तेही खंजिरीसह.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला त्यांचे देहावसान झाले. तेव्हापासून पुण्यतिथीचा मेळा भरत आला आहे. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, त्यांच्या निर्वाणाच्या वेळेला, तेथे मौन पाळतात. दिवसभर टाळ-खंजिरीचा कल्लोळ चाललेला असतो, माणसांचा समुद्र दाटलेला असतो, आणि त्या क्षणी सारे स्तब्ध होतात. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो आहे. वर्गात ज्यांना दोन मिनिटे गप्प बसवता येत नाही, ते पोट्टे तिथे कोणी न सांगता गप्प उभे राहतात.

तिथीचा योगही पाहा. आश्विन वद्य पंचमी म्हणजे दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी. बोंडे नुकती फुटू लागलेली, पहिला वेचा व्हायचा, कापूस बाजारात जायचा आहे. शेतकऱ्याचा खिसा अगदी रिकामा असण्याचे हे दिवस. या दिवसांत तिकीट लावले असते, तर ज्यांच्यासाठी मेळा आहे तेच बाहेर राहिले असते. मग खर्च कोण भरतो? कोणी धान्य देतो, कोणी भाजी चिरतो, कोणी पाणी वाढतो, कोणी पहाटे उठून आवार झाडतो. पैशाच्या जागी श्रम येतात. ज्याने श्रम दिले तो पाहुणा राहत नाही, यजमान होतो. फुकटपणाचा हा हिशोब कोणत्याही वहीत सापडायचा नाही, पण मेळा त्याच्यावरच उभा आहे.

एक काळजीही बोलून दाखवतो. विदर्भात गावोगाव खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात, आणि चांगल्या रंगतात. त्यामुळे कितीतरी तरुण हात खंजिरीला लागले, हे मान्यच. पण बक्षिसाची रक्कम आणि कर्ण्यांचा आवाज वाढू लागला, की दहा जण गातात आणि गाव ऐकत बसते. ज्या वाद्याने श्रोत्याला वादक केले, त्यानेच वादकाला पुन्हा श्रोता करावे, हे बरे नव्हे. स्पर्धा संपल्यावर शेवटचे भजन सगळ्या गावाने मिळून म्हणावे, एवढा नियम आयोजकांनी केला तरी पुष्कळ होईल.

आणि शिक्षकबंधू-भगिनींनो, आपल्याकडे एक मागणे आहे. आपल्या गावातल्या भजनी मंडळाकडे जुन्या वह्या असतील. हाताने उतरवलेल्या, तेलाचे डाग पडलेल्या, कोपरे झिजलेल्या. मंडळ केव्हा सुरू झाले, पहिली खंजिरी कोठून आणली, एका सतरंजीवर बसायला प्रथम कोणी विरोध केला आणि तो कसा निवळला, हे सांगणारी म्हातारी माणसे अजून काही गावांत आहेत. सातवी-आठवीच्या मुलांना त्यांच्याकडे पाठवा. नाव, साल, गाव, एवढे तरी लिहून घ्यायला सांगा. दोन माणसांच्या सांगण्यात फरक पडला, तर दोन्ही लिहा. सरकारी दप्तरात अटकेची तारीख सापडते, पण ओसरीवर कोण कोणाशेजारी बसले ते सापडत नाही. ते लिहिणारे तुम्हीच. यंदाच्या पंचमीला मंडळी मोझरीला निघण्यापूर्वी एक वही सुरू करा, आणि पहिल्या पानावर आपल्या गावाचे नाव घाला.