नेमे यार्वी : एका वृंदसंचालकाचा वनवास

वाद्यवृंदाच्या संचालकाच्या हाती स्वतःचे असे एकही वाद्य नसते. आमच्याकडील भजनात नायक स्वतः गातो, टाळही धरतो. पाश्चात्त्य वृंदाचा संचालक मात्र केवळ एक बारीक छडी घेऊन शेकडा वादकांपुढे उभा राहतो. अशा कलावंतास देशत्याग करावा लागला, तर त्याने बरोबर न्यावे तरी काय? एस्टोनियाचे नेमे यार्वी यांचे चरित्र पाहताना हा प्रश्न आमच्या मनात वारंवार येतो.

यार्वी यांचा जन्म १९३७ सालचा, तालिन येथील. ते तीन वर्षांचे असताना सोव्हिएत संघाने तो चिमुकला देश गिळंकृत केला. लेनिनग्राड येथे शिक्षण घेऊन १९६३ साली ते तालिनच्या नभोवाणी वृंदाचे प्रमुख झाले.

नोव्हेंबर १९६८ मध्ये त्यांनी आर्वो पार्ट या समकालीन रचनाकाराची 'क्रेडो' ही कृती तालिनमध्ये सादर केली. लॅटिनमधील या शब्दाचा अर्थ 'माझी श्रद्धा आहे' असा. निरीश्वरवादी राजवटीत भर सभागृहात ख्रिस्तावरील श्रद्धेचा उच्चार झाला, आणि तोही वरिष्ठांची अनुमती न घेता! डोळ्याबद्दल डोळा हा सूडाचा न्याय नाकारणारे बायबलातील वचन या कृतीत गायिले जाते. दंडनीतीतील एका अतिप्राचीन सूत्रालाच ते हात घालते, हे आम्हा वकिलीपेशाच्या माणसांना विशेष जाणवते. राजवटीने मात्र त्या कृतीस पुढे सभागृहाचे दार बंद केले.

१९७१ साली रोम येथील संचालनस्पर्धेत यार्वी पहिले आले. तरीही मायदेशातील कोंडमारा सुटला नाही, आणि १९८० साली पत्नी व तीन मुलांसह ते अमेरिकेस गेले. पुढे स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे १९८२ ते २००४ अशी बावीस वर्षे, आणि १९९० पासून २००५ पर्यंत डेट्रॉइट येथेही त्यांनी वृंद सांभाळले. त्यांच्या ध्वनिमुद्रणांची संख्या चारशेच्या पुढे जाते. आमच्या मते त्यांतील सर्वांत मोलाचे काम एडुआर्द तुबिन यांच्या सिंफनींचे. तुबिन हेही एस्टोनियनच. १९४४ साली ते स्वीडनला पळून गेले आणि १९८२ साली तेथेच वारले. एका निर्वासिताने लिहिलेले संगीत दुसऱ्या निर्वासिताने जगाच्या कानी घातले.

१९९१ साली एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. तीस वर्षांमागे सोडलेल्या त्याच तालिनच्या वृंदाचे, आता राष्ट्रीय म्हणविल्या जाणाऱ्या, कलाप्रमुखपद यार्वी यांनी २०१० साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी पुन्हा स्वीकारले आणि २०२० पर्यंत ते सांभाळले. पावो व क्रिस्त्यान हे त्यांचे दोन्ही पुत्रही वृंदसंचालकच झाले.