स्फिंक्सचा शिक्का

परवा माळा आवरताना आजोबांचा रबरी शिक्का सापडला. लहानपणी त्याला हात लावायची आम्हाला बंदी होती, तो कायम कुलपात. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाचा हट्ट, दुसरं काय!

शिक्क्यावरची उलटी अक्षरं बघताना आठवली ती ग्रीक आणि रोमन लोकांची कोरीव रत्नं. गेले काही दिवस त्यांच्याविषयीच वाचतोय. नखाएवढा अकीकाचा खडा, अंगठीत बसवलेला. कमानीने फिरवायच्या गिरमिटाला कुरुंदाची पूड आणि तेल लावून तो घासत घासत कोरायचा. चित्र खोलगट आणि उलटं, मेणावर दाबलं की सुलटं उमटणार. त्या एवढ्याशा जागेत पंखांचा घोडा पेगॅसस, गरुडाच्या तोंडाचा आणि सिंहाच्या धडाचा ग्रिफिन, डोक्यावर साप वळवळणारी मेडुसा! (आपलाही यात थोडा वाटा आहे बरं का. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून गाड्या भरभरून असले खडे भडोच बंदरात येत, अशी नोंद आहे.)

पण मला अडकवलं ते ऑगस्टसच्या स्फिंक्सने. बाईचं तोंड, सिंहाचं अंग, पंख, आणि वाटसरूंना कोडी घालायची खोड. प्लिनी (मृत्यू इ.स. ७९) सांगतो, की ऑगस्टसला आईच्या अंगठ्यांमध्ये स्फिंक्सच्या दोन अंगठ्या मिळाल्या, अगदी हुबेहूब. यादवीच्या काळात तो रोमबाहेर असला, की त्याचे मित्र त्यातल्या एका अंगठीने त्याच्या नावाची पत्रं आणि हुकूम काढत. मेणावरचा स्फिंक्स तोच, पण हात कुणाचा हे पत्र घेणाऱ्याला कळायची सोय नाही. लोक म्हणायचे, आलं बघा स्फिंक्सचं कोडं! मायसेनस या मित्राच्या शिक्क्यावर बेडूक होता. तो दिसला की लोकांना धडकी भरायची, कारण पाठोपाठ पैशांची मागणी यायची. पुढे ऑगस्टसने टोमणे टाळायला स्फिंक्स सोडला आणि अलेक्झांडरचा चेहरा घेतला. शेवटी डायोस्कुरिडीसने कोरलेला स्वतःचाच चेहरा.

मला वाटतं, चित्र बदलून मूळ प्रश्न सुटत नाही. शिक्का माणसाला ओळखत नाही, ज्याच्या हाती असेल त्याचा तो.

आजोबा गेल्यावर आजीने एकदा सांगितलं होतं. तरुणपणी त्यांनी हाच शिक्का विश्वासाने एका मित्राकडे ठेवायला दिला होता. त्याने फाडलेल्या पावत्यांचे पैसे आजोबा पुढे पाच वर्षं फेडत होते. मित्राचं नाव मात्र त्यांनी घरात कधीच काढलं नाही.

असो. रबराला भेगा पडल्यात, पण शाई लावून पाहिला तर नाव अजून स्वच्छ उमटतं. कागद फाडून टाकला, आणि शिक्का पुन्हा कुलपात ठेवला.