तास, टाइम आणि पाळी

दौंड-मनमाड लोहमार्गावर १८७८ मध्ये गाड्या धावू लागल्या. आज जिथे श्रीरामपूर आहे, तिथल्या स्थानकाला नाव मिळाले बेलापूर. बेलापूर गाव मात्र काही अंतरावर, प्रवरेकाठी. श्रीरामपूरचे शहर पुढे या स्थानकाभोवती वाढले.

स्थानकाबरोबर आले स्थानकाचे घड्याळ, आणि ते या गावाच्या सूर्याप्रमाणे चालत नव्हते. त्या काळी हिंदुस्थानातल्या रेल्वेची वेळापत्रके मद्रासच्या वेळेवर बांधलेली असत. श्रीरामपूरचे रेखांश सुमारे ७४.६५ अंश पूर्व, मद्रासचे ८०.२५. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. म्हणजे सूर्य डोक्यावर येई तेव्हा रेल्वेच्या घड्याळात सरासरीने बारा वाजून २२ मिनिटे झालेली असत. सावली पाहून निघालेल्या माणसाची गाडी चुकणार, हे उघडच आहे.

'लेट' हा शब्द मराठीत का रुजला, याचे उत्तर मला इथे दिसते. 'उशीर' आपल्याकडे होताच. पण उशीर जाणवतो, लेट मोजता येतो. "गाडी वीस मिनिटे लेट आहे" असे म्हणायला आधी छापील वेळ असावी लागते, आणि ती दौंडला व मनमाडला एकच असावी लागते. पाटलाकडच्या जेवणाला कोणी वीस मिनिटे लेट होत नसे.

मुंबईकरांनी या परक्या वेळेला सहजासहजी जागा दिली नाही. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी शहराला मद्रासची वेळ लावून पाहिली. लोक मानेनात, आणि दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावरची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. गिरण्यांतल्या कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, कारण त्यांच्यापुरता त्याचा अर्थ साधा होता: अंधारात उठून कामावर जायचे. 'बॉम्बे टाइम' त्यानंतरही कित्येक दशके मुंबईत टिकून राहिला.

श्रीरामपूरला हा फरक अजूनही मोजता येतो. शाळेच्या मैदानात एक सरळ काठी रोवा आणि तिची सर्वांत आखूड सावली केव्हा पडते ते पाहा. घड्याळात बारा वाजून ३१ मिनिटांच्या आसपासची वेळ असेल. वर्षभरात ती सुमारे पाव तासाने मागेपुढे सरकते. 'नून' म्हणजे मध्यान्ह हे पाठ करणाऱ्या मुलाला मध्यान्ह बाराला होत नाही, हे कळायला हवे.

आता शब्दांच्या पोटात पाहू. 'अवर' म्हणजे 'तास' असे आपण फळ्यावर लिहितो. यातला तास अरबी-फारसीतून आलेला. मुळात ती वाटी किंवा थाळी. तळाला बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडत. ते बुडायला २४ मिनिटे, म्हणजे एक घटका लागे, आणि मग थाळीवर ठोका पडे. म्हणून तर आपली वेळ 'होत' नाही, 'वाजते'. इंग्रजीत हेच झाले आहे. 'क्लॉक' हा शब्द घंटा या अर्थाच्या जुन्या लॅटिन शब्दावरून आला. 'वॉच' म्हणजे मुळात जागता पहारा, आणि आपला पहारा प्रहराशी नाते सांगतो. उरला 'अवर'. त्याचा उगम ग्रीक 'होरा' मध्ये आहे. आपल्या ज्योतिषातला होरा हाच! तो ग्रीकांकडून फार पूर्वी इकडे आला, आणि इंग्रजांबरोबर त्याचा भाऊ आला.

'मिनिट' आणि 'सेकंद' यांची गोष्ट अधिक सरळ. लॅटिनमध्ये ६० भागांतला एक तो 'पहिला बारीक भाग', आणि त्याचे पुन्हा ६० केले की 'दुसरा बारीक भाग'. पहिल्यातून 'बारीक' एवढे उरले, ते मिनिट. दुसऱ्यातून 'दुसरा' एवढेच उरले, ते सेकंद. घटकेची ६० पळे आणि पळाची ६० विपळे हीच साठाची भागणी आहे. पळ म्हणजे २४ सेकंद. पळभर थांबायला सांगणारा माणूस फारच प्रामाणिक म्हणायला हवा.

प्रवरेच्या कालव्यांवर मात्र वेळेची दुसरीच भाषा घडली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. कालव्याचे पाणी येते 'आवर्तना'ने आणि शेतकऱ्याला मिळते 'पाळी'ने. एकाचे भिजले की शेजारच्याची पाळी, म्हणून 'शेजपाळी'. इथे प्रश्न किती वाजले हा नसून कोणानंतर कोण, हा असतो. हरेगावला साखर कारखाना निघाला. गळिताच्या हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो, तिथे 'शिफ्ट' आली, आणि तिलाही लोक पाळीच म्हणू लागले: पहिली पाळी, रातपाळी.

शाळेतला 'पीरियड' याच घरचा. त्याचा मूळ ग्रीक अर्थ फेरा, वाटोळा मार्ग, म्हणजे आवर्तनच. मासिक पाळीला इंग्रजीत पीरियड म्हणतात, आणि मूलद्रव्यांच्या 'पीरियॉडिक टेबल'ला आपण आवर्तसारणी म्हणतो. वरच्या वर्गांत हे तिन्ही शब्द शेजारी मांडून दाखवायला हरकत नाही. शाळेचा 'तास' साठ मिनिटांचा नसतो, याचेही मुलांना मग नवल वाटणार नाही. तो एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतचा. पुष्कळ शाळांत तो ठोका रुळाच्या टांगलेल्या तुकड्यावरच पडत आला आहे.

कालावधी सांगताना मुले हमखास अडखळतात ती 'सिन्स' आणि 'फॉर' यांच्यापाशी. "दोन तासांपासून" याचे शब्दशः भाषांतर करून ती 'सिन्स टू अवर्स' लिहितात. पण आपली घरची बोली ऐका. आजी म्हणते, "सकाळपासून वाट बघतेय", आणि "दोन तास झाले, वाट बघतेय". 'पासून' आरंभाच्या क्षणाला, 'झाले' मोजलेल्या लांबीला. पहिल्याला सिन्स, दुसऱ्याला फॉर. नियम व्याकरणाच्या पुस्तकातून काढण्याआधी मुलांकडून अशी दहा वाक्ये बोलून घ्यावीत. कोणते कुठे बसते ते बहुतेकांना बोलता बोलताच उमगेल.