शुभवर्तमानांतील पाठभेद : ख्रिस्तपुराण व लीळाचरित्र यांच्या अनुषंगाने

ख्रिस्ताचा जन्मकाळ ठरविताना अभ्यासकापुढे पहिली अडचण उभी राहते ती शुभवर्तमानांतील साक्षींच्या विसंगतीची. मत्तयाच्या मते हा जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला. आणि हेरोद इ. स. पू. ४ मध्ये वारला, असे सामान्यतः मानतात. लूक हेरोदाचा उल्लेख करतो खरा, परंतु जन्माचा संबंध क्विरिनियसच्या खानेसुमारीशी जोडतो, आणि ती इ. स. ६ मधील होय. मत्तयाच्या कथेत पूर्वेकडील ज्ञानी व मिसरातील पलायन आहे. लुकाच्या कथेत गव्हाण व मेंढपाळ आहेत. मार्क व योहान यांनी जन्मकथाच सांगितलेली नाही.

१५७९ मध्ये गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेल्या मराठी ‘ख्रिस्तपुराणा’त हे दोन्ही धागे एकाच ओवीबद्ध कथेत विणले. नवख्रिस्ती श्रोत्यांना पुराण हवे होते; त्यांच्यापुढे साक्षींची तपासणी मांडण्याचे प्रयोजन नव्हते. दुसऱ्या शतकातील टेशियननेही चार कथांची अशीच एक कथा केली होती. मात्र अशा एकीकरणात कोण काय म्हणाला, हेच पुसले जाते. मत्तय, मार्क व लूक यांचे पाठ शेजारी-शेजारी छापून भेद उघडे करण्याची ग्रीसबाखची पद्धत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ होऊ लागली.

मराठी अभ्यासकाला ही दृष्टी परकी वाटू नये. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस शिष्यांना विचारून संकलित केल्या; मूळ प्रत नष्ट झाल्यावर त्या स्मरणाने पुन्हा सिद्ध झाल्या आणि पाठ भिन्न झाले. महानुभावांनी हे भेद लपविले नाहीत, ‘वासना’ म्हणून नोंदविले. लूकही आपल्या प्रस्तावनेत प्रत्यक्षदर्शींच्या परंपरेचा हवाला देतो. तथापि मार्काचे लेखन सुमारे इ. स. ७० चे, म्हणजे घटनांनंतर चार दशकांचे, व लूक त्याहूनही उत्तरकालीन, हे अंतर ध्यानात ठेवणे अवश्य आहे. (परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईच्या नावावरील अभंगांची कर्तृत्वचिकित्सा करणाऱ्यास हा प्रश्न ओळखीचाच वाटेल.)

आश्चर्य असे की, भेद मिटविणाऱ्या ख्रिस्तपुराणालाच पाठभेदांनी गाठले. मूळ मुद्रित प्रती आज उपलब्ध नाहीत. सालढाणांची १९०७ ची मंगळूर आवृत्ती हस्तलिखितांवरून सिद्ध झाली, आणि लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी पोथीत शब्दकळा अधिक संस्कृतप्रचुर आहे. स्टीफन्सचा स्वतःचा शब्द कोणता, हे ठरविण्यास आता या दोन्ही परंपरा ओवीगणिक ताडून पाहाव्या लागतात.