नादारीचे अपील (बीड व मुंबई इलाखा)

नादारीचे अपील : कर्जदाराला नादार ठरवणाऱ्या किंवा त्याचा तसा अर्ज फेटाळणाऱ्या हुकुमाविरुद्ध वरिष्ठ न्यायालयात मागितलेली दाद. विसाव्या शतकाच्या आरंभी बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी केलेला १९०७ चा प्रांतिक नादारी कायदा तेथे लागू नव्हता आणि बीडच्या निकालांवर मुंबई उच्च न्यायालयात अपील करता येत नव्हते. अपिलाची वाट हैदराबादेस जाई. लगतच्या मुंबई इलाख्यातील अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात मात्र १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर झालेला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा होता. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करण्यास त्याने बंदी घातली आणि ५० रुपयांच्या कर्जावरही नादारीचा अर्ज करण्याची मुभा दिली. सीमेच्या अलीकडचा कर्जदार आणि पलीकडचा कर्जदार यांची अडचण सारखी असली, तरी त्यांचा हक्क सारखा नव्हता. म्हणूनच नादारीचे संरक्षण कायद्याने नेमके आखून दिलेला हक्क असावे, न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडलेली सवलत नसावे.

या मताला भक्कम आधार देणारा निकाल मुंबईचा नसून कलकत्त्याहून आलेल्या अपिलातील आहे. छत्रपतसिंह दुगड विरुद्ध खरगसिंह लछमीराम या प्रकरणात कर्जदाराचा अर्ज म्हणजे न्यायालयीन प्रक्रियेचा दुरुपयोग आहे, असे मानून तो फेटाळण्यात आला होता. ब्रिटिश साम्राज्यातील अंतिम अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९१६ मध्ये ही भूमिका अमान्य केली. कर्ज फेडण्याची असमर्थता आणि किमान ५०० रुपये देणे यांसारख्या कायद्यातील अटी पुऱ्या झाल्या, की कर्जदाराला नादार ठरवणे भाग आहे. त्याच्या वर्तनाचा हिशेब ऋणमुक्तीच्या वेळी घ्यावा, असे कौन्सिलने सांगितले. यावर आक्षेप असा, की अशाने लबाडांचे फावते. पण नादार ठरणे म्हणजे कर्ज माफ होणे नव्हे. मालमत्ता न्यायालयाच्या वा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. १९२० च्या सुधारित प्रांतिक नादारी कायद्यानुसार मागील दोन वर्षांतील फुकटची हस्तांतरणे आणि तीन महिन्यांत एखाद्याच धनकोला दिलेले झुकते माप रद्द करता येते. अर्ज दारातच अडवला, तर ही चौकशीच होत नाही आणि तोटा धनकोंचाच होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९२० च्याच कायद्याने उच्च न्यायालयातील अपिलासाठी ९० दिवस दिले, परंतु वकील आणि प्रवास गरिबाला परवडत नसे. हे खरे आहे. मात्र त्यावरचा उपाय न्यायालय जवळ आणणे हा आहे, हक्क आखडता घेणे हा नव्हे. बीड १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले आणि १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठामुळे अंतर घटले. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील सामान्य व्यक्तींविषयीच्या तरतुदी अमलात येतील, तेव्हाही १९१६ चा दंडक टिकला पाहिजे : आधी संरक्षण, मग वर्तनाची कसून तपासणी.