दिव्याखालचा एक हात

बर्लिनचे बालरोगतज्ज्ञ कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी 1919 साली मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश सोडला. त्यातला एक प्रयोग फार बोलका आहे. मुलाचा एकच हात दिव्याखाली ठेवला आणि एक्स-रे मात्र दोन्ही हातांचे काढले. हाडं दोन्हीकडची भरून येत होती! म्हणजे कातडीत तयार झालेलं काहीतरी रक्तातून अंगभर फिरत होतं. एचआयव्हीवर औषधं घेणाऱ्या मुलाच्या रक्तात आज आपण ‘ड’ जीवनसत्त्व मोजतो, त्या तपासणीचं मूळ इथे आहे.

त्याला ‘ड’ हे नाव मिळालं 1922 मध्ये. त्याच वर्षी हचिसन आणि शाह यांची नाशिकची पाहणी प्रसिद्ध झाली. दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत मुडदूस दिसत नव्हता. पडदा पाळणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांत तो होता. आपल्याकडे एवढं ऊन असताना कमतरता कशी, असं अजूनही विचारलं जातं. उत्तर नाशिकनेच शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे.

एचआयव्हीच्या औषधांवरच्या मुलांना मात्र ते उत्तर पुरत नाही. कातडीतून आलेलं ‘ड’ यकृतात पुढचं रूप घेतं. हे रूप 1968 मध्ये सापडलं, आणि रक्तात मोजतात ते हेच. योगायोग असा, की त्याच वर्षी जर्मनीतून बातमी आली: फिट्सच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या मुलांची हाडं मऊ पडताहेत. त्या गोळ्या यकृतातली एन्झाइम्स वाढवतात आणि ‘ड’ लवकर मोडून जातं. पुढे एचआयव्हीवरचं इफाव्हिरेन्झही याच वाटेने गेलं.

भारतात एचआयव्हीवरची मोफत औषधं, म्हणजे एआरटी, 1 एप्रिल 2004 ला सुरू झाली, मुलांसाठीचा कार्यक्रम 2006 मध्ये. इफाव्हिरेन्झ मुलांनाही मिळालं आणि त्याने जीव वाचवले, हे आधी म्हटलंच पाहिजे. मोठ्या मुलांच्या गोळीतलं टेनोफोव्हिर वेगळं: त्याने लघवीतून फॉस्फेट जाऊ शकतं, हाडांची घनता घटते. आता इफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्राव्हिर आलं, तेवढा एक भार उतरला. टेनोफोव्हिर अनेकांच्या गोळीत आहेच.

‘ड’ दिल्याने रक्तातली पातळी वाढते. प्रतिकारशक्तीच्या सीडी4 पेशी वाढतातच असं चाचण्यांत एकसारखं दिसलेलं नाही. म्हणून ते प्रतिकारशक्तीचं औषध म्हणून गळी उतरवू नये. हाडांसाठी द्यावं, एवढं कारण पुरेसं आहे.

मला खटकतं ते वेगळंच. रिपोर्टमध्ये आकडा कमी आला की मुलाला सांभाळणाऱ्या आजीला किंवा मामीला पहिला प्रश्न येतो, “पोराला उन्हात सोडत नाही का?” त्याआधी औषधांचा कागद वाचावा. त्या आकड्यात गोळीचाही वाटा असू शकतो, आणि हाडं भरण्याची वर्षं पोरासाठी थांबत नाहीत.